जुना राउटर टाकू नका

"आमचं नेट मागच्या खोलीत येत नाही हो," एवढं लिफ्टमध्ये कुणी म्हणायचा अवकाश, काका आपला मजला सोडून त्याच्या मजल्यावर उतरतात. हे काका कोथरूडला आहेत, डोंबिवलीत आहेत, ठाण्यात तर विंगेला एक आहेत. बहुधा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत, मुलगी बंगळुरूला आणि माळ्यावर जुन्या राउटरांनी भरलेलं खोकं. इंटरनेटवाला बदलला की लोक आधीचा राउटर भंगारात देतात. काकांनी कोजागिरीच्या दुधाच्या रांगेतच सगळ्यांना बजावून ठेवलंय, "जुना राउटर टाकू नका, मला द्या."

त्या खोक्यातल्या प्रत्येक डबड्याला त्यांच्या लेखी भविष्य आहे. कारण घरोघरी अशी यंत्रं पडून असतात, ज्यांना वायफाय ठाऊकच नाही. पाठीमागे एक चौकोनी भोक, त्यात वायर घाला, नाहीतर राम राम. ऑफिसने मोडीत काढलेला लेझर प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, सासऱ्यांचा डेस्कटॉप. 2005 साली आलेल्या एक्सबॉक्स 360 मध्येसुद्धा वायफाय नव्हतं, ते थेट 2010 च्या मॉडेलमध्ये आलं, हे काकांना तोंडपाठ आहे. गेम मात्र त्यांनी जन्मात खेळलेला नाही.

राउटर हॉलमध्ये दाराशी, कारण फायबरवाल्याला तिथंच ड्रिल मारणं सोयीचं होतं. प्रिंटर मागच्या बेडरूममध्ये. मधे दोन भिंती, दसऱ्याला काढलेला रंग आणि वहिनी. पॅसेजमधून वायर न्यायचा विषय वहिनींच्या एका नजरेत संपतो, आणि काका घसा खाकरतात.

"ब्रिज करू."

म्हणजे काय, हे विचारू नये. विचारलंच तर पहिला भाग सोपा असतो. जुना राउटर प्रिंटरशेजारी ठेवायचा. तो हॉलमधल्या राउटरचं वायफाय घेणार आणि आपल्या पाठीमागच्या भोकातून वायरने प्रिंटरला देणार. "प्रिंटरला वाटणार, आपण वायरवरच आहोत. त्याला कळूच द्यायचं नाही." इथं थांबले तर ते काका कसले! वायफायच्या पाकिटावर एरवी तीनच पत्त्यांची सोय असते. पाठवणारा रेडिओ आणि ज्याचा माल तो, हे एकच असं धरून चालतात. ब्रिजच्या मागे दडलेल्या प्रिंटरचा पत्ता लिहायचा कुठं? एकतर चार पत्त्यांची पद्धत वापरा, पण ती दोन्ही टोकांना यायला हवी, आणि दोन कंपन्यांच्या राउटरांचं त्यात पटेलच असं नाही. नाहीतर ब्रिजने सगळा माल स्वतःच्या नावावर घ्यायचा आणि कुणाचं काय ते लक्षात ठेवायचं.

"आपला वॉचमन नाही का, अख्ख्या विंगेची पार्सलं सही करून घेतो, तसं."

"मग परवा माझं पार्सल सी विंगेत कसं गेलं?" वहिनी विचारतात.

"तोच तर या पद्धतीचा घोळ आहे," काका म्हणतात.

मग कामाला सुरुवात. "वहिनी, बांगडीतली पिन द्या जरा." ती रिसेटच्या भोकात घालून काका दहा आकडे मोजतात, मनात नव्हे, मोठ्याने. दोन्ही राउटरांचा पत्ता बहुधा जन्मतःच 192.168.1.1 असतो, म्हणून जुन्याचा शेवटचा आकडा 2 होतो. त्याचं डीएचसीपी बंद होतं. "पत्ते वाटणारा घरात एकच असावा," असं म्हणताना ते यजमानांकडे का बघतात, कोण जाणे. राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ब्रिजचा पर्याय नसला तर दुसरा कुणी खट्टू होईल. काका फुलतात. आता त्याजागी ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर घालायला मिळणार! सोबत लिंक्सिसच्या त्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी54जीची कथा फुकट. त्याच्या आत लिनक्स निघालं, लायसन्सच्या अटींपायी 2003 मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला, आणि मग जगभरच्या रिकामटेकड्यांनी त्या डबड्याकडून हवी ती कामं करून घेतली. 'रिकामटेकडे' हा शब्द काका फार आदराने उच्चारतात.

बाजारातली तयार केबल त्यांना चालत नाही. ते वायरचं साल सोलतात, पीळ सोडवून आठ तारा चिमटीत सरळ करतात आणि पुटपुटू लागतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... निळ्यापाशी जरासे थांबतात. "बघ रे, ही मधली जोडी. चौथी-पाचवी. ही टेलिफोनची जागा. एवढं सगळं बदललं, पण आमच्या जोडीला कुणी हलवलं नाही." मग पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापून पारदर्शक प्लगमध्ये सारायची, उजेडाकडे धरून आठही तळाला टेकलीत का बघायचं, आणि पकड दाबायची. कर्रक्. त्या आवाजावर काकांचा चहा गार होतो.

हिरवा दिवा लागतो. लॅपटॉपवर पिंगची उत्तरं तीन-तीन मिलिसेकंदांत येऊ लागतात, आणि मग उघडकीस येतं की प्रिंटरचा टोनर दिवाळीपासून संपलेला आहे. काकांना त्याचं काही नाही. छापणं हा प्रिंटरचा प्रश्न, त्यांनी पोचवून दिलं.

त्यांचा सर्वांत सुखाचा दिवस मात्र बी विंगेतला. तिथल्या आजींनी आवराआवर करताना ब्रिजला लोंबणारी वायर पाहिली आणि तिचं मोकळं टोक टापटिपीने त्याच डबड्याच्या रिकाम्या भोकात बसवून टाकलं. क्षणात घरभर नेट ठप्प. सूनबाईंची मीटिंग तुटली, टीव्ही गोल फिरत राहिला. काका आले तेव्हा डबड्यावरचे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. कमरेवर हात ठेवून ते बघतच राहिले. "वा! एकच निरोप गोल गोल फिरतोय. त्याला उतरायला जागाच नाही."

"काका, काढा ना ते आधी!"

"काढतो गं. मिनिटभर बघू तरी दे."

आजींचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. कुणीतरी वायरमध्ये रस घेतला, हेच त्यांच्या दृष्टीने पुष्कळ.

हल्ली दिवस कठीण आले आहेत. यंत्रं वायफाय घेऊनच जन्माला येतात. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाने प्रिंटर आणला, तेव्हा काका पेढ्याच्या निमित्ताने जाऊन आले. "वायफायचा आहे, काका, काही करावं लागलं नाही," तो मुलगा आनंदाने म्हणाला. काकांनी पेढा तोंडात टाकला, प्रिंटर हळूच भिंतीपासून पुढे ओढला आणि मागे वाकून पाहिलं.

"पोर्ट आहे की रे," ते म्हणाले. "मग पिन आण एक."