नाव ५८०चं, दात ५७०चे

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनींकडे शेवटी ते ग्राफिक कार्ड आलं! हो हो, तेच, ज्याच्यावरून दिवाळीपासून त्यांच्या घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. जरा हळू बोलूया, त्यांची खिडकी उघडी आहे.

धाकटा तुम्हाला माहीत आहेच. लातूरला मामाकडे राहून दोन वर्षं क्लास केले, मग इथंच नांदेडात विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. पेढे आठवतात ना? मला दोनच आले होते, जाऊ द्या. तर काय सांगत होते... त्याच्याकडं तो काळा डबा आहे, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटर. वहिनींचे मिस्टर देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला गेले होते, तिथल्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून उचलून आणलेला. चालतो बिचारा. पण पोरगं म्हणायला लागलं, "आई, मला ब्लेंडर शिकायचंय, थ्रीडी करायचंय, प्रोजेक्टला लागतं, ग्राफिक कार्ड पाहिजे." अभ्यासाचं नाव काढलं की आपल्याकडं आई कशाला नाही म्हणते?

तर दोन पार्ट्या. लातूरचे मामा, म्हणजे वहिनींचे सख्खे भाऊ, ते एएमडीचे. आरएक्स ५८०, आठ जीबी. गंजगोलाईकडच्या कुणा ओळखीच्याकडं होतं, "घरचंच समज" म्हणून साडेपाच हजारांत. आणि मोठा, आपला हिंजवडीवाला, तो एनव्हिडियाचा. जीटीएक्स १६५०, चार जीबी, तेही सेकंडहँड आणि वर हजारभर जास्त! वहिनी माझ्या ओट्याशी येऊन म्हणाल्या, "कमी पैशात दुप्पट मिळायलंय, अन् हा नको म्हणायलाय. माझ्या माहेरचं म्हटलं की याला..." पुढचं बोलल्या नाहीत. पण मला समजलं. तुम्हालाही समजलं असेलच.

आता खरं बोलायचं तर मामा वेगाबद्दल काही खोटं सांगत नव्हते हो. ५८० आलं एप्रिल २०१७ मध्ये, १६५० आलं एप्रिल २०१९ मध्ये. दोन वर्षांनी नवं, तरी गेममध्ये पळायला जुनंच पुढं. अहो, ५८० राहू द्या, त्याच्या खालचं ५७०सुद्धा १६५०ला मागं टाकायचं. १६५० बाजारात आलं तेव्हाच लोकांनी नाकं मुरडली होती त्याला. शिवाय हल्लीचे मोठे गेम चार जीबीत मावत नाहीत, मध्येच अडखळतात. मामांनी हे सगळं पाठ केल्यासारखं फोनवर ऐकवलं. फोन स्पीकरवर, सगळे बैठकीत, आजोबा खुर्चीत. मोठ्यानं सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि एवढंच विचारलं, "मामा, कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचलं का कुणी?"

गप्प. सगळे गप्प!

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग हो. वाचलं तर त्यावर तीनशे वॅटसुद्धा नाहीत. आणि ५८० एकटंच मागतं १८५. १६५०चं भागतं ७५ मध्ये. ते ७५ कसे, तर मदरबोर्डवर कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं ना, त्या स्लॉटमधूनच तेवढे मिळतात, वरून तार लागतच नाही. ५८०ला आठ पिनांची वेगळी तार हवी, आणि ती तार त्या ऑफिसच्या डब्यात मुळी नाहीच. मामा म्हणाले, "जोडतार मिळते की बाजारात, हार्ड डिस्कच्या पिनेतून घ्यायची." मोठा म्हणाला, "अन् वितळली तर?" वहिनी सांगत होत्या, मिस्टरांच्या हातातला चहाचा कप हवेतच थांबला. नवा एसएमपीएस घ्यावा तर स्वस्तातला फायदा तिथंच संपला, आणि त्या ऑफिसवाल्या डब्यांना साधा बाजारातला एसएमपीएस बसेलच असंही नाही, मदरबोर्डची पिन वेगळी असते पुष्कळांची. त्यात आपल्याकडची लाइट! कमीजास्त व्होल्टेज, त्यांचा तो छोटा यूपीएस, गेमच्या मध्यात टीं टीं करत बसला असता. आणि मे महिन्यात नांदेडच्या माळवदाखालच्या खोलीत १८५ वॅटची शेगडी पेटवून कोण बसणार? कूलर त्या पोराला लावायचा की कार्डाला?

तरी मामा ऐकतात होय! माळेगावची यात्रा आटोपली आणि पुढच्याच आठवड्यात एसटीनं हजर. चाकूर, अहमदपूर, लोहा करत, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड. मी तेव्हा चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली द्यायला गेले होते. अगदी सहज हो! म्हटलं पाहुणे आलेत, गरम गरम द्यावं. तर काय पाहते, टीपॉयवर दोन पंख्यांचं ते धूड ठेवलेलं आणि सगळे भोवती. मामा म्हणतात, "त्या ओळखीच्याच्या पोरानं रविवारी तेवढा गेम खेळलाय याच्यावर. बाकी नवं कोरं." आणि आजोबा काठी टेकून उठले, चष्मा लावला, कार्ड खालीवर करून बघितलं आणि विचारलं, "माळेगाववरूनच आलास ना? मग तिथली रीत विसरलास का रं? बैलाचं नाव लालकंधारी सांगू दे नाहीतर देवणी, दात मोजल्याशिवाय इसार देत नसतेत. याचे दात कुठं मोजायचे?"

सगळे हसले. पण धाकटा नाही हसला. म्हणाला, "आजोबा, मोजता येतात." जीपीयू-झेड म्हणून काहीतरी असतं म्हणे, फुकटचं सॉफ्टवेअर. पण यांच्या डब्यात कार्ड लागणारच नव्हतं, मग निघाली वरात गल्लीच्या टोकाला, त्याच्या कॉलेजातल्या मित्राकडं, त्याचा एसएमपीएस मोठा आहे ना. मीही गेले. ताटली परत घ्यायची होती.

तर काय सांगत होते... लावलं, सुरू झालं, पंखे घरघरले. स्क्रीनवर नाव आलं आरएक्स ५८०. मामांनी मिशीवरून हात फिरवला. मोठा तिकडून व्हिडिओ कॉलवर, "शेडर्स वाच रे." शेडर्स म्हणजे कार्डाच्या आत काम करणारी बारकी युनिटं म्हणे, तेच त्याचे दात. धाकट्यानं वाचलं, "२०४८." मोठा म्हणाला, "परत वाच." परत २०४८. "मामा, खऱ्या ५८०ला २३०४ असतात. २०४८ हे ५७०चे." अहो, मामांचा चेहरा! वहिनी एकदम पदर सावरायला लागल्या. आजोबा तेवढे शांत, "म्हटलं नव्हतं दात मोजा म्हणून?"

यात पुन्हा गंमत अशी की, ही काही कुणा भुरट्यानं केलेली खोड नाही. एएमडीनंच ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी हे २०४८वालं काढलं, नाव ५८०च ठेवून. नंतर हीच कार्डं सगळीकडं फिरली. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग चालायचं ना, त्यात शेकड्यांनी जुंपलेली, रात्रंदिवस. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, कार्डाचं काम एका दिवसात संपलं, आणि हा सगळा माल सेकंडहँड बाजारात आला. मामांनी आणलेलं त्यातलंच होतं असं मी म्हणणार नाही. रविवारचा गेम रविवारचाच असेल. पण पंख्याचा आवाज मी ऐकलाय!

आणि अजून तर मुख्य गोष्ट राहिलीच. वहिनी भावाची बाजू घ्यायला म्हणाल्या, "बरं ५७० तर ५७०, आठ जीबी तर खरे आहेत ना? पोराच्या अभ्यासाला बरं." त्यावर मोठा फोनवर जे हसला... म्हणाला, "आई, ब्लेंडरचं सायकल्स रेंडर या कार्डावर चालतच नाही. डिसेंबर २०२१ला ब्लेंडर ३.० आलं तेव्हाच त्यांनी ओपनसीएल काढून टाकलं. एएमडीसाठी जे नवं आणलं त्यात ५७०-५८०ची ही पोलारिस पिढी नाही. सगळं प्रोसेसरवर ओझं. १६५०वर एनव्हिडियाचं कुडा चालतं, सायकल्स चालतं." मग थोडं थांबून, गोड आवाजात, "काय रे, हे तुला माहीत नव्हतं का?"

धाकट्याचे कान लाल! मित्र खिडकीबाहेर बघायला लागला. वहिनींनी आधी फोनकडं बघितलं, मग धाकट्याकडं. "मग ते आठ जीबी कशाला पाहिजे होतं?" उत्तर नाही. आणि त्याच्या त्या मित्राच्या स्क्रीनवर मागं गेमचं एवढं मोठं चित्र. ब्लेंडर कुठं औषधालाही नव्हतं.

झालं, दुसऱ्या दिवशी बापलेक वजिराबादला गेले. तिथं एका दुकानदारानं आणखी फाटा फोडला, "१०५० टीआय घेऊन जा की, तेही ७५ वॅटचं, स्वस्त पडेल." खरंच आहे, वॅट तेवढेच. पण ते २०१६चं, पास्कल पिढीचं. एनव्हिडियानं त्या पिढीचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरतं बघणार, तेही ऑक्टोबर २०२८पर्यंत. १६५० पुढच्या पिढीचं, ट्युरिंग, त्याला अजून सगळं मिळतं. आणि पोलारिसला तर एएमडीनं २०२३च्या शेवटीच बाजूला काढलंय. हे सगळं मला वहिनींच्या मिस्टरांनीच सांगितलं, गेटाशी उभे राहून. एरवी नमस्काराला मान हलवत नाहीत हो! आता विचारावं लागत नाही, आपणहून सुरू होतात.

एवढं करून पहिलं १६५० जे दाखवलं, त्याला वर सहा पिनांचं तोंड! काही कंपन्या वेग थोडा वाढवून देतात आणि वेगळी तार मागतात. धाकट्यानं ते लगेच परत केलं. तेवढं शहाणपण आलंय आता. दुसरं, बिनतारेचं मिळालं. कॅबिनेटमध्ये बसलं, लाइट एकदा गेली आणि आली, तरी चालू आहे. गेम चालतात, चित्र जरा साधं ठेवून. ब्लेंडरही उघडलं म्हणे एकदा. वहिनी म्हणतात रोज उघडतो. असेल.

मामा तिसऱ्या दिवशी गेले. वहिनींनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सगळं बांधून दिलं, कार्डही टॉवेलात परत. त्या ओळखीच्यानं पैसे परत केले की नाही, ते मात्र काही केल्या कळत नाही. मी विषय काढून बघितला, वहिनी लगेच भाजीच्या भावावर गेल्या.

माझं विचाराल तर मामा अगदीच चुकले नव्हते. डबा दमदार असता, पाचशे वॅटचा चांगला एसएमपीएस असता आणि पोरानं सरळ "गेम खेळायचाय" म्हटलं असतं, तर खरं ५८०च घ्यावं. या डब्याला आणि या अभ्यासाला १६५०च बरं. तुमच्या भाच्यालाही घ्यायचंय म्हणत होतात ना परवा? त्याला म्हणावं, आधी एसएमपीएसवरचं लेबल वाच, मग कार्ड शोध. आणि कुणी ५८० म्हणून दाखवलं तर जीपीयू-झेडमध्ये २३०४ दिसल्याशिवाय पैसे काढू नको. वहिनींना मात्र मी सांगितलं म्हणून बोलू नका हं.