प्रेशरवाले काका

रविवारी सकाळी पार्किंगमधून ‘घुर्रर्र’ असा आवाज आला, की समजावं काकांची बॅटरी फुल चार्ज झाली. आता दुपारपर्यंत इमारतीत काही कोरडं राहील याची हमी सेक्रेटरीसुद्धा देणार नाही.

हे काका डोंबिवली पूर्वेला आहेत, कल्याणला खडकपाड्यात आहेत आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांत तर विंगमागे एक आहेत. वय साठीच्या आसपास, नोकरी बँकेत नाहीतर मंत्रालयात झालेली, मुलगा पुण्याला नाहीतर टोरांटोला. तीसेक वर्षं सकाळची फास्ट पकडली आणि त्या काळात घरातला एकही पंखा पुसला नाही. निवृत्त झाल्यावर, घरात धूळ असते, हा शोध त्यांना लागला. काकूंना ते लग्नापासून माहीत होतं, पण त्यांच्याकडे यंत्र नव्हतं.

काकांकडे यंत्रं आहेत. वाफेने लादी पुसणारा दांडा माळ्यावर आहे. सोफ्याखाली शिरून तिथेच राहणारा रोबो आहे. खिडकीच्या काचेला दोन्ही बाजूंनी चिकटवायचं चुंबक होतं, त्याची बाहेरची अर्धी बाजू खाली कंपाउंडमध्ये पडली आणि वॉचमनने ती साभार परत आणून दिली. या घराण्यातलं ताजं अपत्य म्हणजे कॉर्डलेस प्रेशर वॉशर. मोबाइलवरच्या जाहिरातीत एक गोरा तरुण हिरवळीवर उभी केलेली पांढरी गाडी धुतो, त्याच्या अंगावर एक थेंब उडत नाही. काकांकडे हिरवळ नाही, स्टिल्टखाली आखलेली पांढरी रेघ आहे आणि तिच्यात अॅक्टिवा आहे. तरी त्यांनी त्याच रात्री ऑर्डर टाकली.

खोका उघडण्याचा सोहळा मी पाहिला आहे. पिस्तुलाच्या आकाराची गन, दोन बॅटऱ्या, पाण्यात सोडायची नळी, तिच्या टोकाला जाळी आणि रंगीत नोझलं. लाल नोझलमधून सुईसारखी सरळ धार येते, पिवळ्यातून थोडी पसरते, हिरव्यातून आणखी, पांढऱ्यातून पंख्यासारखी, आणि काळं नोझल साबणासाठी. काका अर्थातच लाल लावतात. बॅटरीवर ‘४८’ हा आकडा ठळक आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘व्हीएफ’ असं काहीतरी. मी म्हटलं, “काका, आत लिथियमचे पाच सेल आहेत. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. म्हणजे झाले २१.” काका म्हणाले, “तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह.”

पहिली आंघोळ अॅक्टिवाची, आणि खोटं कशाला बोला, काम झकास झालं. शिळफाट्याचा चिखल मडगार्डच्या आतून असा सुटला की काकांचा चेहरा उजळला. मागोमाग स्लायडिंग खिडकीच्या खाचेतली कबुतरांची पिसं, डासांच्या जाळीतली काजळी, पायपुसणी, मॉर्निंग वॉकचे बूट. यंत्र इथे थांबलं असतं तर हा लेख झाला नसता.

मग काका बाल्कनीच्या ग्रिलकडे वळले. आमच्याकडच्या ग्रिलवर काय काय बसतं हे बाहेरच्यांना कळायचं नाही. याच डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये एमआयडीसीत रस्ता गुलाबी झाला. ठाण्याला मेट्रोच्या कामाची धूळ. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघायची म्हणून काकांनी ग्रिल लखलखीत करायचं मनावर घेतलं. काळा थर सुटला, त्याच्याबरोबर निम्मा ऑइलपेंटही सुटला, आणि दोन्ही मिळून खालच्या मजल्यावरच्या आजींच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर उतरले. आजींनी फक्त एवढंच विचारलं, “अरे बाबा, मार्चमध्येच पाऊस कसा?” काकू दुसऱ्या दिवशी दोन किलो साबुदाणा देऊन आल्या. यंत्राच्या किमतीत तो कोणी धरत नाही.

पाण्याचा हिशोबही कोणी करत नाही. ‘कॉर्डलेस’ म्हणजे वायर नाही, पण नळी बादलीत असतेच. मिनिटाला तीनएक लिटर पाणी जातं, म्हणजे वीस लिटरची बादली सहा-सात मिनिटांत रिकामी. काका गन सोडत नाहीत, त्यामुळे बादली भरायला काकू. बॅटरी एका दमात दहा-पंधरा मिनिटं टिकते, त्यामुळे बॅटरी बदलायलाही काकूच. ज्या गावात पाणी वेळ पाहून येतं आणि टँकरचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवलेला असतो, तिथे बादल्यांवर बादल्या निघाल्या की ग्रुपवर ‘पंप दोनदा का चालवला?’ हा प्रश्न पडतोच. काकांचं उत्तर तयार असतं : “नळीने धुतलं तर याच्या कितीतरी पट जातं.” हे खरं आहे. पण आमच्याकडे नळीने धुतं कोण? ओल्या फडक्याने पुसतात.

काकांचा इतिहास मात्र पक्का. अमेरिकेत माउंट रशमोरच्या डोंगरावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्ष २००५ मध्ये एका जर्मन कंपनीने प्रेशर वॉशरनेच धुतले, त्याआधी १९८० मध्ये रिओचा तो हात पसरलेला ख्रिस्त धुतला, हे ते गन हातात धरून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, पुढचा नंबर आपल्या वॉचमनचा.

त्याच वॉचमनने त्यांना हरवलं. पावसाळ्यानंतर कंपाउंडच्या भिंतीलगत शेवाळ चढलं होतं. काका पिवळं नोझल लावून भिडले. आता दाबाचं गणित असं : दहा मीटर उंचीवरून उतरलेल्या पाण्याला सुमारे एक बार दाब येतो, म्हणजे सातमजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या नळाला गच्चीवरच्या टाकीमुळे दोन बार. काकांच्या गनला वीस-पंचवीस. नळापेक्षा दसपट, हे मान्य. पण वायरीवर चालणारं साधं घरगुती मशीनसुद्धा शंभराच्या पुढे जातं, आणि जुनं शेवाळ तेवढं मागतं. काकांनी दोन बॅटऱ्या संपवून हातभर पट्टा साफ केला. वॉचमनने मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली, थोडा वेळ बिडी ओढली आणि खराट्याने उरलेली भिंत संपवली.

घराच्या आत तर हे यंत्र नेऊच नये. किचनच्या एक्झॉस्टला बसलेलं तुपकट तेल गरम पाणी आणि सोडा मागतं. गार पाण्याच्या धारेने ते पंख्यावरून उठून टाइल्सवर जाऊन बसतं. एसीच्या बाहेरच्या युनिटची अॅल्युमिनियमची पातळ पाती लाल नोझलने आडवी होतात, मग मेकॅनिक बोलवा. बाथरूममध्ये धार समोरच्या भिंतीवर आपटून आधी काकांनाच धुते. कामाच्या मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काका, तुमचं झालं की सांगा, मग मी पुसायला घेते.”

बरं, मग घ्यावं का? बदलापूर-टिटवाळ्याकडे अंगण असलेलं बैठं घर असेल, स्वतःची विहीर किंवा बोअर असेल आणि दारात दोन दुचाक्या असतील, तर जरूर घ्या. स्लायडिंगच्या खाचा आणि मडगार्ड यांच्यासाठी हलकं, सुटसुटीत यंत्र आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वन-बीएचकेत राहत असाल तर पैसे खर्चू नका. तुमच्या विंगमध्ये हे काका असतीलच. गाडी धुवायची असेल तर त्यांना शनिवारी रात्री सांगा, दोन्ही बॅटऱ्या चार्ज व्हायला वेळ लागतो. बादली तेवढी तुमची न्या.