साहेबाचा टोलनाका

लंडनला आयटीतली नोकरी लागलेल्या चिरंजीवांचं अभिनंदन! पगाराचा आकडा सगळ्या सोसायटीला कळलाच आहे, आता खर्चाचाही ऐका.

विलायतेत आरोग्यसेवा फुकट असते, हे खरंच आहे. फक्त त्या फुकटासाठी व्हिसाच्या अर्जासोबत माणशी वर्षाला १,०३५ पौंड भरायचे. लेकरांना सवलत, ७७६. नवरा-बायको, दोन मुलं, पाच वर्षं : १८,११० पौंड. वीस लाख रुपयांच्या घरात, तेही विमानात पाय ठेवण्याआधी, एकरकमी. २०१५ साली हा दर २०० पौंड होता. व्हिसाची फी अर्थातच वेगळी. पुढे पगारातून कर कापला जातो आणि तीच आरोग्यसेवा त्यावरही चालते. एकाच रस्त्याचा टोल दोनदा भरायची सवय असल्याने मराठी माणूस तिथे लवकर रुळतो म्हणे.

एवढं भरून काम करायचा हक्क मिळतो, पण हातात काही पडत नाही. पूर्वी निदान कार्ड मिळायचं. व्हिसा २०२७ पर्यंतचा असला तरी कार्डावर मुदत ३१ डिसेंबर २०२४, असेही नमुने होते! आता कार्डच गेलं. हक्क गृहखात्याच्या संगणकात राहतो. तुम्ही लॉगिन करून ‘शेअर कोड’ काढायचा, मालकाला द्यायचा आणि मालकाने तो सरकारच्याच वेबसाइटवर टाकून सरकारलाच विचारायचं, की हा माणूस ठेवू ना? कोड ९० दिवसांत शिळा. वेबसाइट रुसली की मालक कचरतो, कारण बेकायदा माणूस सापडला तर पहिल्याच खेपेला ४५,००० पौंडांपर्यंत दंड. पोलिसाचं काम एचआरच्या गळ्यात, बिनपगारी. ब्रिटिश नागरिकाने मात्र मुदत संपलेला पासपोर्ट दाखवला तरी चालतो. साहेबाच्या हक्काला एक्सपायरी नाही.

हातात कागद नसला की काय होतं, ती विंडरशवाल्यांची गोष्ट आठवली की मात्र हसू येत नाही. महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेली ही माणसं आणि त्यांची मुलं; त्यांचा हक्क कायद्याने पक्का होता. गृहखात्याने त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं २०१० मध्ये नष्ट केली आणि पुढे त्यांच्याकडेच वर्षावर्षाचे पुरावे मागितले. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार अडले, कुणाला थेट देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये बोभाटा झाल्यावर पंतप्रधान थेरेसा मे यांनी माफी मागितली. पंतप्रधान होण्याआधी सहा वर्षं गृहमंत्री कोण होतं? त्याच.

तेव्हा चिरंजीव, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याच्या पावत्या, विजेची बिलं पहिल्या महिन्यापासून छापून फायलीत लावा. आणि अर्ज दहादा तपासून भरा. नामंजूर झाला तर अर्जाची फी परत मिळत नाही.