मालदीव महाग पडतंय? अक्कलकुव्याला चला

मालदीवचं तिकीट परवडत नसेल, तर नंदुरबार जिल्हा आहेच. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे अस्सल उष्ण कटिबंधात.

इथली बेटं मात्र निसर्गाची नव्हेत, सरदार सरोवराची. १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचं पाणी नर्मदेच्या खोऱ्यात चढत गेलं आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांतल्या काही पाड्यांना घरबसल्या चहूकडून जलदर्शन घडू लागलं.

स्थानिक जीवन समजून घ्यायचंय? २०२० मध्ये चिमलखेडीची अंगणवाडीसेविका अलिघाट आणि दादर या पाड्यांवरच्या बाळांची वजनं करायला स्वतः होडी वल्हवत १८ किलोमीटर जात होती. रिसॉर्टवर याच व्यायामाचे तासावर पैसे मोजावे लागतात.

दवाखानाही तरंगताच. 'वॉटर व्ह्यू'चं वेगळं भाडं नाही. अनामत म्हणून फक्त शेत पाण्याखाली द्यायचं.