हजार पाकक्रिया, एक फ्लेक्स

न्यूयॉर्कच्या ज्युली पॉवेल नावाच्या बाईनं 2002 साली विडा उचलला, की ज्युलिया चाइल्डच्या फ्रेंच पाकपुस्तकातले 524 पदार्थ 365 दिवसांत रांधायचे. रांधले! 2009 मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. न्यूयॉर्कपुढं आमच्या अवसरी बुद्रुकनं मान खाली का घालावी?

घरात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतंच. 1970 पासून वाटी-चमच्याच्या मापानं किती नव्या सुनांना त्यानं सावरलंय! पण मी निवडलं लक्ष्मीबाई धुरंधरांचं 1910 चं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया'. नावातच हजार. फ्लेक्सला आकडा लागतो, चव लागत नाही.

रोज एक म्हटली तरी पावणेतीन वर्षं. म्हणजे ग्रामपंचायतीच्या एका मुदतीत काम उरकून वर सव्वादोन वर्षं सत्कार घ्यायला मोकळी. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला, ग्रामदैवताला नारळ फुटला.

कामाची वाटणी अशी : मी खुर्चीत बसून पाकक्रिया मोठ्यानं वाचायची, कारभारणीनं ती करायची, मग मी वहीत बरोबरची खूण करायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "अहो, मग फ्लेक्सवर फोटो तुमचाच कसा?" योजना कुणाची आणि राबतं कोण, हे तालुक्यात विचारायची रीत नाही, असं मी समजावलं.

पुढं एकादशी आली, श्रावण आला, सुतक आलं. कांदेलागण आली तेव्हा आचारीच रानात. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला मी उसाकडं; तिथं बिबट्या माझ्याकडं कुठली पाकक्रिया म्हणून बघत असेल, कोण जाणे. आठ महिन्यांत अकरा पदार्थ झाले. उद्घाटनं मात्र तीन झाली.

अशात चुलती मुक्कामाला आली आणि तिनं मासवडी करायला घेतली. मी वही उघडली. "बेसन किती?" "घाटा होईल एवढं." "पाणी?" "बेसन मागंल तेवढं." ओल्या फडक्यावर घाटा थापला, वर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर पसरली, गुंडाळी करून माशासारखी दाबली, वड्या पाडल्या. बाजूला तर्रीदार रस्सा. नाव माशाचं, पोटात खोबरं. निवडणुकीला उभी केली तर मासवडी बिनविरोध यायची!

जेवून मी बारावी म्हणून लिहायला बसलो. कारभारणीनं वही ओढून घेतली. "चुलत सासूबाईंनी केली ती तुमची कशी? बारावी तुम्ही करा. बाजरीची भाकरी."

पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. हुबेहूब आंबेगाव तालुक्याचा नकाशा. डिंभे धरणाच्या जागी भोक.

खूण केली. चौथ्या उद्घाटनाला यायचं करा.