सोळा पानांची रेल्वे

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांत दोन पंथ असतात. एकाला देश आणि साल यांची शिस्त लागते. रिकामा चौकोन भरला की त्याला जेवण गोड लागतं. दुसरा पंथ विषयवाल्यांचा. फुलपाखरं, मोर, क्रिकेट, काहीही धरा. पण एकदा धरलं की जगातलं कुठलंही तिकीट साक्षीला बोलवायची मुभा. पोस्टानं ते कशासाठी छापलं होतं, याला काडीची किंमत नाही. पहिल्या पंथात चिकाटी लागते, दुसऱ्यात वकिली.

या वकिलांचा रेल्वे हा फार लाडका विषय. न्यू ब्रन्सविकनं 1860 मध्येच एक सेंटच्या तिकिटावर इंजिन आणलं होतं. पण बीड शहरात बसून रेल्वे हा विषय निवडायला छाती लागते. जिल्ह्यात परळीला जंक्शन होतं, पण ते परळीला! बीडच्या माणसाला गाडी गाठायची तर आधी एसटी गाठावी लागे. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला आणि पुढं दर निवडणुकीत नव्यानं मंजूर होत राहिला.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त सरांनी नेमका हाच विषय घेतला. प्रदर्शनात एका फ्रेममध्ये सोळा पानं बसतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मांडणीला 35 गुण, अभ्यासाला 30, तिकिटांची अवस्था आणि दुर्मीळपणा यांना 30, आणि देखणेपणाला फक्त 5. सरांचं अक्षर पाहता हे शेवटचं फार बरं झालं.

त्यांचं हुकमी पान 1937 च्या मालिकेचं. सहाव्या जॉर्जच्या डोक्याशेजारी टपाल कशानं जातं ते दाखवलंय: दोन आण्यांना पायी पळणारा हरकारा, अडीचला बैलगाडी, तीनला टांगा, साडेतीनला उंट, चारला रेल्वे, सहाला बोट, आठला लॉरी, बाराला विमान. सर बोट ठेवून सांगतात, "बीड अडीच आण्यांवरून थेट आठ आण्यांवर गेलं. मधले चार आणे दिल्लीकडं येणं आहे."

एका चोखंदळ मित्रानं हरकत घेतली. 1937 ला बीड निजामाकडं होतं, संस्थानातल्या संस्थानात पत्र धाडायला निजामाचं तिकीट चालायचं. इंग्रजाची मालिका इथं कशाला? निजामाच्या 1931 च्या मालिकेत मराठवाड्यातलं आठ आण्यांना अजिंठा आहे, रुपयाला दौलताबादचा मिनार. "बघा," सर म्हणाले, "तिथंही बीडला वगळलंच!" हरकतीचं त्याच आठवड्यात एक पान झालं.

1953 मध्ये भारतीय रेल्वेची शंभरी झाली, तेव्हाचं दोन आण्यांचं तिकीट मात्र त्यांनी पानाच्या मधोमध एकटंच लावलंय. काळ्या रंगात 1853 चं इंजिन आणि 1953 चं. भोवती सगळा कोरा कागद. एवढी जागा वाया का घालवली, असं एका परीक्षकानं विचारलं. सर म्हणाले, "वाया कुठं? ती आमच्या रेल्वेला राखून ठेवलीय."

मग घोटाळा झाला. सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, चक्क बीडला. गाव हरखलं, सरही हरखले. पण विषयवाल्याचं दुखणं निराळं असतं. वाट पाहणं हाच ज्या सोळा पानांचा कणा, त्यांच्यासमोर गाडीच येऊन उभी राहिली तर पुढं मांडायचं काय? दोन दिवस ते अल्बमकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की बीड ते परळी हा टप्पा अजून व्हायचाय. सरांनी लगेच दुसऱ्या फ्रेमसाठी कागद मागवला. जाड, टिकाऊ बघून.