मामा, मशीन विकू नका

श्री. कोअर कटिंगवाले मामा यांस,
मुक्काम पाथर्डी फाटा. कामाच्या वेळेत, जिथे स्लॅब होऊन गेलाय आणि पाइप राहून गेलाय तिथे.



तुम्ही मशीन विकायला काढलंय असं कानावर आलं, म्हणून घाईनं लिहितोय. कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय की आता इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये बांधतात. पाइप कुठून जाणार, बीम कुठे आडवा येणार, हे सगळं काँक्रीट ओतायच्या आधीच कळतं, तेव्हा नंतर स्लॅबला भोकं पाडायची वेळच येत नाही. बातमी खरी आहे, मामा. फक्त ती नाशिकची नाही.

हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्या कॉम्प्युटरवाल्यांपैकीच मी एक. गोविंदनगरला एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही पोरंपोरी बसतो आणि इंग्लंडमधली हॉस्पिटलं, शाळा, वसतिगृहं बांधतो. तिथल्या सरकारनं २०११ साली जाहीर केलं आणि एप्रिल २०१६ पासून अमलात आणलं, की केंद्राच्या पैशातून इमारत हवी असेल तर तिचं मॉडेल आधी द्या. सिंगापूरनं तर २०१५ पर्यंत पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या सगळ्या इमारतींचे नकाशे परवानगीसाठी मॉडेलच्या रूपातच मागायला सुरुवात केली. आमच्याकडे अशी देशव्यापी सक्ती नाही. म्हणून आम्ही त्यांची मॉडेलं करतो आणि संध्याकाळी तुमच्या ओल्या सिमेंटवरून उड्या मारत घरी जातो.

मॉडेल म्हणजे ब्रोशरवरचं ते गुलाबी आकाशाचं चित्र नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. चित्रात झाडं असतात, कुत्रा फिरवणारी बाई असते. मॉडेलमध्ये पाइप असतो; त्याचा व्यास, त्याचा उतार, तो कशाचा, कोणत्या मजल्यावर कोणत्या भिंतीतून वळतो, सगळं त्याच्यासोबत. एसीचा डक्ट बीमला धडकला की प्रोग्रॅम दोघांना लाल करून दाखवतो. याला क्लॅश म्हणतात. मग प्लंबिंगचा मुलगा पाइप चार इंच खाली घेतो, स्ट्रक्चरची मुलगी बीममध्ये स्लीव्हसाठी जागा दाखवते, आणि मॅंचेस्टरकडच्या कुठल्याशा मामांचं एका दिवसाचं काम आम्ही खुर्चीत बसून बुडवतो. त्यांचे शाप लागत असतील. लागू देत. तुमचं आम्ही काहीही वाकडं केलेलं नाही.

तुमचं काम मी जवळून पाहिलंय. स्लॅबवर स्टॅंड ठोकायचा, डायमंड बिट लावायचा, पाण्याची नळी जोडायची आणि मग तो आवाज, ज्यात शेजारच्या तीन बिल्डिंगमधली दुपारची झोप जाते. करडा राडा खालच्या मजल्यावर ओघळतो. बिट पार झाला की काँक्रीटचा गोल ठोकळा खाली धप्पकन पडतो. तो मी एकदा हातात घेऊन पाहिला. कडेला कापलेल्या सळईच्या दोन टोकांच्या चकचकीत टिकल्या. आर.सी.सी. डिझाइनरनं त्या एका सळईसाठी केवढी आकडेमोड केली असेल! तो ठोकळा नंतर वॉचमननं केबिनचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून वापरला. आख्ख्या प्रकल्पात ठरवलेल्या कामाला बरोबर बसलेली ती एकमेव वस्तू असावी.

आता हे भोक आधीच का ठेवत नाहीत, असं कुणी भोळा विचारेल. तुम्ही नाही विचारणार. स्लॅबची तारीख ठरते ती पाइपच्या नकाशावरून नव्हे. स्लॅब झाला की घर बुक केलेल्यांचे हप्ते सुटतात. पाचवा स्लॅब, पाचवं मागणीपत्र. प्लंबिंगचा सल्लागार नेमलाच तर जोत्याचं काम आटोपल्यावर नेमतात. त्याचा नकाशा येतो तेव्हा तिसरा स्लॅब क्युरिंगवर असतो. तोही येतो व्हॉट्सअॅपवर, फोटो म्हणून, आणि मिस्त्री तो दोन बोटांनी ताणत ताणत आकडा वाचतो. आकडा वाचता आला नाही तर अंदाज. अंदाज चुकला तर तुम्ही.

मॉडेलचा खर्च येतो सुरुवातीला, एकदम आणि बिल्डरच्या डोळ्यांदेखत. सॉफ्टवेअरच्या एका माणसाच्या वर्षाच्या परवान्याला लाखाच्या पुढे मोजावे लागतात. चार माणसांच्या ऑफिसानं ते आणायचे कुठून? उलट तुमचा खर्च येतो शेवटी, थोडा थोडा, भोकागणिक, आणि तो खातेवहीत ‘किरकोळ’ या सदरात बसतो. किरकोळ खर्चाला आमच्या धंद्यात कुणी जाब विचारत नाही. तो हळूच चौरस फुटाच्या दरात शिरतो आणि घर घेणारा वीस वर्षं त्याचा ईएमआय भरतो. तेव्हा तुमची मजुरी खरं तर बँक देते, मामा. एवढी सुरक्षित नोकरी सोडून चाललात कुठे?

मायव्हान आलं तेव्हाही तुम्ही असेच घाबरला होता. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदम ओतायचे, विटा नाहीत, गिलावा नाही. आता आधी विचार केल्यावाचून काम होणारच नाही, असं सगळे म्हणाले. विचार केला नाही, काम मात्र झालं. पूर्वी स्विचबोर्डाची जागा चुकली तर वीट फोडायची; आता काँक्रीट. तुमचा दर वाढला.

सरकारी कामाचं विचाराल तर तिथे तुमचं भवितव्य अधिकच उज्ज्वल आहे. मॉडेल एका बटणावर सांगतं, काँक्रीट इतके घनमीटर, सळई इतके किलो. एवढं नेमकं हवंय कुणाला? निविदा सर्वांत कमी दराला जाते, हे उघड आहे. आणि त्या दरात जे सुटत नाही ते एक्स्ट्रा आयटममधून आणि वाढीव परिमाणातून सोडवायचं, हेही उघडच आहे. परिमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की कंत्राटातला क्लॉज ३८ काढून बसणारे कितीतरी कारकून आणि कंत्राटदार केवळ त्या एका कलमावर म्हातारे झाले. जे आधी दिसतं त्याचे आमच्याकडे पैसे मिळत नाहीत. जे नंतर ‘निघतं’, त्याचे मिळतात. खडक निघतो, जुनी पाइपलाइन निघते, केबल निघते. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या जेमतेम किलोमीटरभराच्या स्मार्ट रोडचं काम मुदत उलटून किती लांबलं, हे तुम्हाला आठवत असेल. तेवढ्या काळात नाशिककरांनी गाडीला इतके वळसे घातले की शहराचा नकाशा ज्याला त्याला पाठ झाला.

आमच्यातले काही उत्साही लोक म्हणतात, मॉडेल असतं तर नाशिकचा कपाटांचा प्रश्न झालाच नसता. मला हसू येतं. कपाटाच्या जागेला एफएसआयमधून सूट होती. ती जागा मग खोलीत सामील झाली, बेडरूम ऐसपैस झाली, आणि २०१५च्या आगेमागे पूर्णत्वाचे दाखले अडले तेव्हा हजारो कुटुंबं कर्जाच्या हप्त्यांसह अधांतरी लोंबकळली. पण ते कपाट कुणाला दिसत नव्हतं काय? आर्किटेक्टला दिसत होतं, बिल्डरला दिसत होतं, गिऱ्हाइकाला तर सॅंपल फ्लॅटमध्ये हात फिरवून दाखवलं होतं, आणि ज्यांनी पाहायचं त्यांनीही पाहिलं होतं. त्रिमितीत, अगदी एकास एक मापात! कॉम्प्युटरनं ते लाल करून दाखवलं असतं, तर आम्ही रंग बदलला असता.

महापालिकेतही डिजिटल आलंच की. नकाशे तपासणारी ऑटोडीसीआर प्रणाली आली, पुण्याच्याच कंपनीनं बनवलेली. डिसेंबर २०२०मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावलीही आली. नकाशा आता संगणक तपासतो: सामासिक अंतरं, एफएसआय, पार्किंग. चांगलंच आहे, फायली बगलेत मारून जिने चढणं कमी झालं. पण ती प्रणाली वाचते सपाट नकाशातल्या रेघा, ठरवून दिलेल्या थरांत काढलेल्या. नहाणी ट्रॅपचा पाइप बीममधून जातोय की बाजूनं, हे तिनं कधी विचारलेलं नाही आणि ते तिचं कामही नव्हे. परवानगीला मॉडेल लागत नाही, दाखल्याला लागत नाही, कर्जाला लागत नाही. मग ते करायचं कुणासाठी? ब्रोशरसाठी. तिथे कुत्रा फिरवणारी बाई आहेच.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. नागपूरला वेगळं घडलंय. तिथल्या मेट्रोचं काम महामेट्रोनं सुरुवातीपासून ‘फाइव्ह डी’ मॉडेलवर चालवलं. लांबी, रुंदी, उंची, चौथी वेळ आणि पाचवा पैसा. कोणता खांब कधी उभा राहणार आणि त्याला किती लागणार, हे एकाच ठिकाणी. मार्च २०१९मध्ये तिथली पहिली गाडी धावलीसुद्धा. त्याच महामेट्रोनं नाशिकसाठी टायरवर धावणारी मेट्रो निओ आखली. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली, गंगापूर ते नाशिकरोड गाडी धावतानाची थ्रीडी फिल्म घरोघरी मोबाइलवर फिरली, आम्ही ती सासुरवाडीलाही पाठवली. नागपूरला पाच डी मिळाले, आपल्याला तीन. वेळ आणि पैसा, एवढे दोनच कमी पडले. त्या फिल्ममध्ये एकही क्लॅश नाही, हे व्यवसायाच्या नात्यानं मी प्रमाणित करतो. बांधकामच नाही म्हटल्यावर क्लॅश कुठला.

आणि हे सगळं कोणत्या गावात चाललंय? दिंडोरी रोडला मेरीच्या, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, आवारात मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे, आपण जिला सीडीओ म्हणतो ती. मेरी १९५९ची. राज्यातल्या कितीतरी धरणांची संकल्पचित्रं याच गावात काढली गेली. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, अमोनियाच्या वासाच्या प्रिंटा. सीडीओ-मेरीच्या वसाहतीतली अर्धी पोरं अशा ड्रॉइंग ऑफिसांतल्या बापांची. तिथे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक दरवाजाची खाच, प्रत्येक गॅलरी, प्रत्येक विमोचकाची पातळी आधी कागदावर येई, तपासली जाई, सही होई, आणि मगच काँक्रीट. कारण विमोचक ठेवायचा राहिला म्हणून कुणी धरणाला नंतर कोअर कटिंग करून देत नाही. तेव्हा आधी विचार करून बांधणं ही काही विलायती चीज नव्हे. धरणाला ती परवडते, तुमच्या-आमच्या टू बीएचकेला परवडत नाही, एवढंच.

आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. कामांचा धडाका सुरू आहे. कुंभाची तारीख गुरू-सूर्याच्या हातात असल्यामुळे महाराष्ट्रातली ही एकमेव मुदत आहे जिला मुदतवाढ मिळत नाही. घाईच्या कामात नकाशा कामाच्या मागून धावतो, हा आपल्या धंद्याचा अनुभव. तुम्हाला सवड मिळणार नाही, पोराला हाताशी घ्या.

बाकी, तुमच्या पोटावर पाय न देता तीन विनंत्या करतो.

पहिली, स्लॅबमध्ये काय ते करा, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय बीमला बिट लावू नका. ठेकेदार ‘चार इंचानं काय होतंय’ म्हणेल. त्यालाच त्याच्याखाली झोपायला सांगा.

दुसरी, हल्ली पीटी स्लॅब असतात. आत ताणलेल्या केबल असतात. स्कॅन करून केबलची जागा आखून दिल्याशिवाय मशीन चालू करू नका. ती केबल तुटली तर नुसतं भोक पडून भागत नाही.

तिसरी विनंती मात्र अगदी आग्रहाची. यापुढे बिलात ‘किरकोळ काम’ लिहू नका. प्रत्येक भोकापुढे कारण लिहा: नकाशा उशिरा आला, स्लीव्ह ठेवायला प्लंबरच नव्हता, बीम आडवा आला, गिऱ्हाइकानं बेसिन हलवलं. मजला लिहा, भोकाचा व्यास लिहा, रक्कम लिहा, आणि एक प्रत सोसायटीच्या होणाऱ्या सेक्रेटरीला द्या. मॉडेल नसल्याचा खर्च किती येतो, याचा हिशेब या गावात कुणाकडेच नाही. तो ठेवू शकेल असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गोविंदनगरचा एक मॉडेलवाला

ता. क. आमच्या बाथरूमच्या कामाला रविवारी येताना या पत्राचा राग धरू नका. बिल चेकनं देईन, जीएसटीसकट. फक्त त्याच्यावर कारण लिहिलेलं पाहिजे.